कारकुनाच्या मरणाला कोण हसतं?

महोदय,

रशियन कथाकार चेखवच्या कथांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. 'कारकुनाचा मृत्यू' १८८६ची नव्हे, १८८३ची, हे तुमचं बरोबर. दुरुस्ती केली, आभार. १८८६ची ती बग्गीवाल्या इयोनाची कथा. नावांच्या उच्चारांचा वाद मी घालत बसत नाही आणि माझ्या भाषेला 'मास्तरकी' म्हणालात तेही सोडून देतो.

पण 'सुखवस्तू लेखकाने गरिबाच्या भित्रेपणाची टर उडवायची आणि तुमच्यासारख्यांनी दात काढायचे' हे वाक्य मी सोडणार नाही. दात काढायचे? ही काय बोलायची रीत झाली? मत पटलं नाही म्हणाला असतात तर बोललो असतो. तुम्ही थेट लायकीवर आलात.

आणि चेखव सुखवस्तू? आजोबा भूदास, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचे शेतकरी, पैसे मोजून सुटलेले. वडिलांचं तागानरोग या गावातलं दुकान बुडालं, घर मॉस्कोला पळालं आणि १६ वर्षांचा अंतोन चेखव शिकवण्या घेत एकटा मागे राहिला. पुढे विनोदी साप्ताहिकांत ओळीमागे मिळणाऱ्या कोपेकांवर, म्हणजे रशियन चिल्लरीवर, त्यानं कुटुंब पोसलं, डॉक्टरही झाला.

माझे वडील तालुक्याला एका कचेरीत कारकून होते. एका समारंभात त्यांच्या हातून साहेबांच्या सफारीवर चहा सांडला. साहेब 'असू द्या हो' म्हणाले. तरी संध्याकाळी वडील मला घेऊन बंगल्यावर माफी मागायला गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या खेपेला साहेब खेकसले. त्या रात्री वडील जेवले नाहीत. आई आधी हसली, मग तीही ताटावरून उठली.

चेखवच्या त्या कारकुनाची, चेर्व्याकोव्हची, शिंक जनरलच्या टकलावर उडते तेव्हा मला तो बंगला दिसतो. जनरल दुष्ट नाहीच, तो आधी सोडूनच देतो. भीती कारकुनाच्या हाडांत मुरलेली आहे. 'चालता हो' ऐकल्यावर तो घरी येतो, गणवेशातच कोचावर आडवा होतो आणि मरतो. यात कुणाची टर आहे, सांगा ना. हसू येतं, कारण ही धडपड आपल्या घरातली असते. मी वडिलांना हसलो म्हणून माझं त्यांच्यावरचं प्रेम कमी होतं, असं म्हणायचंय का तुम्हाला?

इयोनाबद्दल मात्र तुम्ही चकार शब्द काढलेला नाही. त्याच आठवड्यात मुलगा गेलाय, चार उतारूंपैकी कुणाला ऐकायला वेळ नाही, शेवटी तो तबेल्यात घोडीलाच सगळं सांगतो. ही कथा तुम्ही वाचलीय का? नसेल तर आधी वाचा, मग मला लिहा.