८७० युरो म्हणजे ८७ हजार रुपये नव्हेत

गोव्यातल्या घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरणारा संदेश थोडक्यात असा: पोर्तुगालात किमान पगार ८७० युरो, म्हणजे ८७ हजार रुपये, इथे खासगी नोकरीत वीस हजार. तिथला साधा कामगार चौपट सुखी, दवाखाना फुकट, मानवी विकास निर्देशांकातही तो देश कितीतरी पुढे. तेव्हा पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्या आजोबांचा जन्मदाखला शोधा आणि पोर्तुगीज पासपोर्ट करा.

८७० युरो हा आकडा खरा आहे, २०२५ सालचा. गफलत आहे ती गुणाकारात. तिथे कमावलेला युरो तिथेच खर्च होतो, म्हापशाच्या बाजारात नाही. पगार ताडून पाहायचे तर क्रयशक्ती धरावी लागते. अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं, त्याला भारतात साधारण वीस रुपये लागतात आणि पोर्तुगालात साठेक सेंट. या मापाने ८७० युरो म्हणजे आपले तीसेक हजार. गोवा महाग, म्हणून पस्तीस धरा. त्यातून ११ टक्के सामाजिक सुरक्षेला कापले जातात, पण वर्षाला पगार चौदा मिळतात. दोन्ही मिळून हिशेब फारसा हलत नाही. पस्तीस हे विसांहून जास्तच, कबूल. पण लिस्बनमध्ये एका बेडरूमच्या फ्लॅटचं भाडं सहज हजार युरोंच्या पुढे जातं, आणि इथला वीस हजारवाला बहुधा वाडवडिलांच्या घरात राहतो. ते घर या हिशेबात कोणीच धरत नाही. घरं परवडेनात म्हणून २०२३ मध्ये खुद्द पोर्तुगीज रस्त्यावर उतरले होते.

निर्देशांकाचं म्हणाल तर २०२५ च्या अहवालात भारत १३० वा आहे, पण ती अख्ख्या देशाची सरासरी. २०२० च्या सरकारी पाहणीत हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू देशात २८ होते, गोव्यात ५. पोर्तुगालात ते तीनच्या आसपास असतात. दरी आहे, पण सांगतात तेवढी नाही.

दवाखाना: राष्ट्रीय आरोग्य सेवा तिथे १९७९ पासून आहे आणि ती चांगलीच आहे. तरी जेमतेम कोटभर वस्तीच्या त्या देशात पंधरा लाखांवर लोकांना फॅमिली डॉक्टर नाही. गर्दी फक्त आपल्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी इस्पितळातच असते असं नव्हे.

गंमत म्हणजे पोर्तुगालची खरी जमेची बाजू संदेशात नाहीच. वर्षाला कामाचे २२ दिवस भरपगारी रजा, आठवड्याला ४० तासांची मर्यादा, हे सगळं दुकानातल्या नोकरालाही कायद्याने मिळतं. कळंगुटच्या हॉटेलात सीझनभर राबणाऱ्या पोराला विचारा, त्याला रजा किती! तुलना करायचीच तर या मुद्द्यावर करा. मग गोवा खरंच उघडा पडतो.

राहिला पासपोर्ट. तो काढलेले आपले बहुतेक लोक लिस्बनला थांबले नाहीत, युरोपीय संघाचे नागरिक म्हणून इंग्लंडात स्विंडन आणि साऊथॉलला गेले. २०२० सरताना ब्रेक्झिटने, म्हणजे ब्रिटन संघातून बाहेर पडल्याने, तीही वाट बंद झाली. शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं, पण त्यावर मत देता येत नाही आणि शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही. वारशाने आलेली मात्र ठेवता येते.