त्यातला खोकला माझा

गेल्या रविवारी कर्वेनगरातल्या एका काकांनी मला भीमसेन जोशींची तोडी चाळीस सेकंद ऐकवली आणि त्या बदल्यात दीड तास स्वतःचं ऐकवलं. हिशेबात मी कच्चा आहे, पण हा सौदा आतबट्ट्याचा झाला एवढं मलाही कळतं.

मला हवं होतं ते काही फार नव्हतं. 'सवाई'वरचा, म्हणजे भीमसेनांनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवावरचा, एखादा नीट माहितीपट, नाहीतर रात्री भांडी घासताना कानात घालून ऐकता येईल असा एखादा पॉडकास्ट. मी उदगीरकडचा. आमच्याकडे भीमसेन म्हणजे आषाढीला पहाटे देवळाच्या कर्ण्यावर लागणारे अभंग. पुण्याला नोकरीला आलो तोवर रात्रभराची सवाई संपली होती. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि पुढे रात्री दहाला माइक बंद व्हायला लागला. फार तर एखाद्या दिवशी बारापर्यंत सूट. नियमाशी माझं भांडण नाही; गणपतीत आमच्या खिडकीसमोर स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात तेव्हा त्याच नियमाचा हवाला देऊन मी पोलिसांना फोन करतो. पण त्यापायी पहाटेचे राग मांडवातून गेले ते गेलेच. महोत्सव आता भरतो त्या मुकुंदनगरात दुपारी जाऊन बसलं की मुलतानी मिळतो, मारवा मिळतो. ललत आणि तोडी मात्र साठीपुढच्या माणसांच्या तोंडून ऐकायची. तीही गाऊन नव्हे, वर्णन करून.

'आमची सवाई' असं ही माणसं म्हणतात. पहाटेची थंडी, अंगावर शाल, शेजारच्या अनोळखी माणसाने पुढे केलेला चहा, आणि मग पंडितजी आले, आणि मग त्यांनी जो काही षड्ज लावला! इथे सांगणारा डोळे मिटतो. मिटलेले डोळे उघडेपर्यंत आपण काय करायचं हे मला अजून जमलेलं नाही. मी सहसा चपलांकडे बघतो.

म्हणून ठरवलं, आपलं आपण शोधू. यूट्यूबवर 'सवाई माहितीपट' असं टाकलं. सवाई माधोपूरचे वाघ आले. त्यानंतर जयपूरचं सवाई मानसिंह स्टेडियम आलं, मग सवाई एकांकिका स्पर्धा आली आणि पुन्हा वाघ आले. एक वाघीण पाणवठ्यावर पाय पसरून पडली होती आणि निवेदक तिच्याबद्दल इतक्या आदराने बोलत होता, की मी ते सगळं पाहिलं. त्याचा परिणाम असा, की माझा फोन आता मला व्याघ्रप्रेमी समजतो. काल जिप्सी सफारीच्या सवलतीचा मेसेज आला.

गाणाऱ्यांवर माहितीपट आहेत, आणि चांगले आहेत. गुलजारांनी भीमसेनांवर केलेला आहे, नंदन कुध्यडींनी मल्लिकार्जुन मन्सूरांवर, जब्बार पटेलांनी कुमार गंधर्वांवर. महोत्सवाच्या दिवसांत सवाई गंधर्व स्मारकात 'षड्ज' नावाने असे माहितीपट दाखवतातही, तेही फुकट. पण सकाळी, ऐन कामाच्या दिवशी. एका वर्षी मी साहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. साहेब म्हणाले, "कारण?" म्हटलं, "माहितीपट बघायचाय." साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "अहो, आजारी आहे म्हणून तरी सांगायचं." मी तत्काळ आजारी पडलो. तरी रजा मिळाली नाही, कारण मघाशी मी बरा होतो हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

शिवाय मला नुसता गवई नको होता, मांडव हवा होता. सतरंजीवरची माणसं हवी होती. तिकीट नाही म्हणून बाहेर फुटपाथवर उभं राहून ऐकणारे रिक्षावाले हवे होते. शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीची ध्वनिमुद्रिका लागते तेव्हा हजारो माणसं गप्प उभी असतात, ते हवं होतं.

मग पॉडकास्टकडे वळलो. एक सापडला. सूत्रसंचालक दोन तरुण मुलं, पाहुणे एक ज्येष्ठ जाणकार. नमनालाच घडाभर तेल: आधी दोघांनी एकमेकांचं कौतुक केलं, मग गादीची जाहिरात झाली. एकदाचे पाहुणे बोलू लागले. अकरा वर्षांचा भीमसेन गदगच्या घरातून गुरूच्या शोधात पळाला, भटकत भटकत पार जालंधरला पोचला. तिथे १८७५ पासून चालत आलेला हरवल्लभचा मेळा. त्या मेळ्यात विनायकबुवा पटवर्धनांनी त्याला विचारलं, की बाबा रे, गुरू शोधत इतक्या लांब कशाला आलास, तुझ्या गावाशेजारीच तर कुंदगोळला सवाई गंधर्व...

"वाव!" मुलगा म्हणाला. "सर, पण मला सांगा, सवाईचा व्हाइब म्हणजे काय? म्हणजे स्टॉलवर तुम्ही काय खायचात?"

जाणकार क्षणभर थांबले. मग एखाद्या शहाण्या माणसाने हरल्यावर बोलावं तसं म्हणाले, "मिसळ." पुढची वीस मिनिटं मिसळ चालली. तर्री आली, पाव की स्लाइस हा वाद आला. पोरगा जालंधरला राहिला तो राहिलाच. त्याला परत कुंदगोळला कुणी आणलं नाही. माझी भांडी मात्र घासून झाली.

हे मी ऑफिसात बोललो आणि तिथेच चुकलं म्हणा. एक सहकारी म्हणाली, "पॉडकास्ट कशाला? माझ्या काकांकडे खजिना आहे. सगळ्या सवाया कॅसेटवर आहेत." सवायांचं अनेकवचन मी पहिल्यांदाच ऐकलं आणि मोहरून गेलो.

काकांनी दार अर्धं उघडून पहिला प्रश्न टाकला, "रमणबागेतल्या सवाईला होतात का तुम्ही?"

"नाही. मी तेव्हा उदगीरला, शाळेत."

"मग तुम्हाला काय कळणार?"

"म्हणूनच ऐकायला आलोय."

"ऐकून कळत नाही. तिथे असावं लागतं."

ह्यापुढे खरं तर परत फिरायला हवं होतं, पण काकूंनी आतून "अहो, आत तरी घ्या त्यांना" म्हटलं आणि मी आत गेलो. दिवाणाखालून पत्र्याची ट्रंक निघाली. ट्रंकेत जुना पंचा, पंचाखाली डांबराच्या गोळ्या आणि गोळ्यांखाली कॅसेट्स. काकांनी एक उचलून खिडकीपाशी उजेडात धरली. पट्टीवर निळ्या शाईत लिहिलं होतं: 'सवाई, रवि. पहाट, भी. जो., तोडी, १९९'. पुढचा आकडा दमटपणाने खाल्ला होता.

"चौऱ्याण्णव," काका म्हणाले.

"शहाण्णव," काकू आतून म्हणाल्या. "मंजूची दहावी होती."

"दहावी होती तर तू आली असतीस का?"

"आले होते. म्हणून तर तिला गणितात कमी पडले."

हा वाद निदान पंचवीस वर्षांचा असावा, कारण दोघंही पाठ केल्यासारखं बोलत होते. मधल्या वेळात काकांनी मला रेकॉर्डिंगची युक्ती सांगितली. टेपरेकॉर्डर शालीत, शाल मांडीवर, मांडीवर पुन्हा एक उशी. स्वयंसेवक जवळ आला की पेंगल्याचं सोंग. "गंगूबाई हनगल समोरच होत्या, ह्या इथून त्या फ्रिजपर्यंत," काका म्हणाले. मी फ्रिजकडे आदराने पाहिलं.

मग पेन्सिल घालून कॅसेट थोडी पुढे, थोडी मागे. रिवाइंडचं बटण वापरायचं नाही, फीत ताणते. शेवटी कॅसेट प्लेअरमध्ये गेली, झाकण बंद झालं, काकांनी बोट वर केलं आणि बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. त्या खरखरीच्या मागे, फार लांब, तंबोरे. आणि मग तो आवाज. रेकॉर्डिंग कसंही असो, माझ्या अंगावर काटा आला हे नाकारत नाही. कोमल ऋषभावर आवाज ठेवलेला, तिथून गंधाराकडे निघाल्यासारखं केलं, पण गेले नाहीत...

"थर्मास कुठे ठेवलाय?" टेपमधून एक घोगरा आवाज आला.

"ही ही!" काका आनंदाने ओरडले. "ही आमची!"

"तो थर्मास तुमच्या बहिणीने नेला," काकू आतून म्हणाल्या. "परत दिला नाही."

"गप्प. आता ऐका. आता येतोय." काका पुढे सरसावले. मीही सरसावलो. गंधार येणार असं वाटलं. टेपमध्ये कुणीतरी खोकलं. चांगलं दोनदा, छातीतून.

काकांनी माझ्याकडे बघून छातीवर हात ठेवला. "त्यातला खोकला माझा."

काय म्हणायचं असतं अशा वेळी? मी "वा" म्हणालो. त्यांनी ते स्वीकारलं. तेवढ्यात तबला वाढला, बोलतान उसळली, समेच्या दोन मात्रा अलीकडे येऊन पोचली, आणि खट्ट. बाजू संपली.

"नव्वद मिनिटांची कॅसेट," काका शांतपणे म्हणाले. "पंचेचाळीसला पलटावी लागते. अंधारात, शालीखाली. तेवढं अर्धं आवर्तन गेलं."

"अरेरे."

"गेलं कुठे? माझ्याकडे आहे." आणि काकांनी डोळे मिटून ते अर्धं आवर्तन स्वतः गायलं. हाताने लांबलचक हिसके देत तान घेतली, वाटेत एकदा श्वास घेतला, आणि समेला टीपॉयवर अशी थाप मारली, की माझा चहा बशीत आला. मी चपलांकडे पाहिलं. चपला दाराबाहेर होत्या.

मी म्हटलं, "काका, आता दुसरी बाजू?"

"ती लावत नाही मी. झिजते."

आवाज जरा ठाय वाटत होता, पट्टी उतरल्यासारखी. प्लेअरचा बेल्ट सैल झाला की असं होतं, म्हणून मी भीतभीत तसं सुचवलं. काका म्हणाले, "छे! त्या दिवशी पंडितजींनीच खाली लावलं होतं." काकूंचा आवाजही पुरुषी आला होता, पण तो मुद्दा मी काढला नाही.

शेवटी, जे विचारायला आलो होतो ते विचारलं. "काका, ह्या सगळ्या कॅसेट मी डिजिटल करून देऊ? एकही पैसा नको. पेनड्राइव्हवर घालून देतो. फितीवर आताच पांढरी बुरशी दिसतेय."

"म्हणजे तुमच्याकडेही राहणार?"

"एक प्रत, हो. तुमची हरकत नसेल तर."

काका बराच वेळ कॅसेट पंचाने पुसत राहिले. मग म्हणाले, "सगळ्यांकडे झाल्यावर माझ्याकडे काय राहिलं?"

ह्यावर हसायला हवं होतं. घरी येईपर्यंत मी हसलोही. मग मात्र डोकं फिरलं. अमेरिकेत १९६९ च्या ऑगस्टात वुडस्टॉकला जो चिखल तुडवला गेला, त्यावर पुढच्याच वर्षी तीन तासांचा माहितीपट आला, त्याला ऑस्कर मिळालं. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये काळ्या कलावंतांचा महोत्सव झाला होता. त्याचं सुमारे चाळीस तासांचं चित्रीकरण तळघरात पन्नास वर्षं पडून होतं, कारण ते विकत घ्यायला कुणी तयार नव्हतं. अखेर २०२१ साली त्याचाही माहितीपट झाला, त्यालाही ऑस्कर. तिथे निदान गिऱ्हाईक नव्हतं. इथे मी दारात उभा आहे, स्वतःची केबल घेऊन, फुकट, आणि तरी ट्रंक बंद. बरं, रेकॉर्डिंग केलं तेच मुळात चोरून. हक्कांचा वगैरे प्रश्न असेल तर तो गाणाऱ्यांचा, आयोजकांचा. काकांचा त्यात हक्क कशावर? खोकल्यावर! तेवढा कापून परत करायला माझी तयारी आहे.

आणि काका काही एकटे नाहीत. गावातल्या किती दिवाणांखाली अशा ट्रंका असतील! मालक ऐकत नाहीत आणि दुसऱ्याला ऐकू देत नाहीत; फक्त 'तुम्ही होतात का?' एवढं विचारतात. नव्हतो. वय कमी पडलं, गाव लांब पडलं. आता ह्याची शिक्षा किती वर्षं?

मंगळवारी काकांचा फोन आला. मला वाटलं, विरघळले. म्हणाले, "तो बेल्टचा विषय तुम्ही काढलात ना, तेव्हापासून हिने भंडावून सोडलंय. म्हणते, माझा आवाज असा घोगरा नव्हता. तुम्हाला त्यातलं कळतंय तर बघा ना कुठे मिळतो का."

ऑफिस सुटल्यावर बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या बाजूला, दुकानांमागून दुकानं फिरलो. बहुतेकांनी कॅसेट म्हटल्यावर हसून मोबाइलची कव्हरं दाखवली. एका दुकानदाराने मात्र न बोलता खालचा खण ओढला, काळ्या रबरी बेल्टांचा गुंता काढला आणि माप विचारलं. मी म्हटलं, "जुन्या सवाईच्या कॅसेट ऐकायच्यात."

त्याचा चेहरा उजळला. "आमच्या वडिलांकडे पण आहेत. दोन पेट्या!"

"ऐकायला मिळतील?"

"या ना एकदा घरी," तो म्हणाला. "पेट्या दाखवतील ते."

बेल्ट साठ रुपयांचा. काकांना नेऊन दिला, बसवूनही दिला. काकूंचा आवाज आता बाईचा येतो, पट्टीही जागेवर आली. काका म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो? पंडितजी त्या दिवशी वरच लावून बसले होते." दुसरी बाजू लावली नाही. साठ रुपयेही अजून यायचेत.