फाउंडेशनवर बेबी पावडर थापण्याचे ‘गुपित’

माझ्या भाचीच्या साखरपुड्याच्या आदल्या रात्री आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘पार्लरवाल्या सांगत नाहीत ते गुपित’ अशा मथळ्याचा मजकूर आला आणि तिने तो सकाळी तंतोतंत अमलात आणला. त्यातील सल्ला थोडक्यात असा : लिक्विड फाउंडेशन ओले असतानाच त्यावर बेबी पावडरचा जाड थर थापावा आणि पफने घासून एकजीव करावा, मग मेकअप दिवसभर हलत नाही आणि सनस्क्रीनचीही गरज उरत नाही. हा मजकूर मी यापूर्वीही पाहिला होता आणि दुर्लक्षही केले होते; पण घरातलीच मुलगी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पाटावर बसल्यावर गप्प राहणे जमले नाही.

यातला सर्वांत वाईट सल्ला बेबी पावडरचा आहे. ही पावडर अंग कोरडे ठेवण्यासाठी असते. चेहऱ्याच्या रंगाशी जुळावीत म्हणून फेस पावडरमध्ये घातली जाणारी लोहाची ऑक्साइडे तिच्यात नसतात. त्यामुळे गव्हाळ किंवा सावळ्या कांतीवर तिचा थर राखाडी दिसतो आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला की पांढरा उठून येतो. ‘बाळाला चालते ते मोठ्यांना का चालू नये’ हा तर्क तर मुळातच उलटा आहे, कारण पावडरची बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाते म्हणून बालरोगतज्ज्ञ ती बाळालाही लावू नका असेच सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जुलै 2024 मध्ये कित्येक बेबी पावडरमध्ये असणाऱ्या टाल्क या खनिजाला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हणजे 2अ गटात टाकले. हा गट पुरावा किती सबळ आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नव्हे, आणि कित्येक कॉम्पॅक्टमध्येही टाल्कच असतो, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही ब्रशच्या टोकावर घेतलेली चिमूटभर पावडर आणि नाकाखाली उडवलेला मूठभर ढग यांत फरक आहेच, आणि हा मजकूर नेमका ढगच उडवायला सांगतो.

ओल्या फाउंडेशनबद्दल मजकुरात अर्धे सत्य आहे, तेवढे नाइलाजाने पदरात घालतो. फाउंडेशन खडखडीत वाळेपर्यंत थांबायचे नसते; बोट टेकवल्यावर किंचित चिकट लागेल इतपत ओल हवी, कारण त्याच अवस्थेत पावडर नीट धरते. मात्र त्यातले पाणी आणि उडून जाणारी सिलिकॉन द्रव्ये निघून जायला मिनिटभर तरी द्यावे लागते. त्याआधी पावडर पडली तर ती ओल शोषून गोळे धरते, आणि वरून पफ घासला की खालचा थरही ओरखडून निघतो. म्हणून जास्तीचे तेल आधी टिश्यूने टिपावे, पावडर ब्रशवर घेऊन झटकावी आणि कपाळ, नाक व हनुवटी येथे दाबून बसवावी. डोळ्यांखाली मात्र अगदी नाममात्र, कारण बारीक रेषांत ती साचते.

जाड थराने मेकअप टिकतो हेही खरे नाही. पावडर त्वचेचे तेल शोषते, पण घाम थांबवत नाही, आणि मे महिन्यातल्या मंगल कार्यालयात घामापुढे तो थर भेगाळतो.

सनस्क्रीनबद्दल एवढेच सांगतो की एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लेप देऊन मोजतात आणि इतकी पावडर चेहऱ्यावर कोणीच लावत नाही. बेबी पावडरच्या डब्यावर तर असा आकडाच नसतो.

छायाचित्रकाराने अल्बममधले रंग बरेच सुधारून दिले, पण अंगठी घालतानाच्या फोटोत पांढरा चेहरा आणि गव्हाळ मान यांच्यामधली रेष जबड्याखाली अजूनही स्पष्ट दिसते.