टर्बोला धूळ चारण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

बॉनेट उघडा आणि कंपनीने दिलेला तो एअर फिल्टरचा काळा प्लास्टिकचा डबा एकदा नीट बघून घ्या, कारण तो आज जाणार आहे. त्याचं तोंड पुढच्या जाळीमागे, बाहेरची थंड हवा मिळेल अशा जागी. आत घड्यांचा कागदी फिल्टर, भोवती रबरी कड, तळाला पाणी निथळायला भोक आणि तिथून टर्बोपर्यंत, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्यापर्यंत, बंद पाइप. म्हणजे बाजारात ‘कोल्ड एअर इन्टेक’ म्हणून जे विकतात, ते तुमच्याकडे आधीपासूनच आहे. पण गाडीसोबत फुकट आलेल्या वस्तूचा रुबाब तो काय पडणार?

नवा इन्टेक निवडताना रंगापासून सुरुवात करा. लाल शंकूच्या आकाराचा फिल्टर सर्वांत वेगवान असतो. आयएसओ 5011 नावाची एक चाचणी असते. त्यात ठरावीक धूळ सोडून फिल्टरने किती अडवली, किती आत सोडली आणि हवेला अडथळा किती झाला ते मोजतात. दुकानदाराला हे आकडे विचारू नका, उगीच त्याचा चहा गार होतो.

शंकू उघडाच घ्या आणि एक्झॉस्टच्या शेजारी बसवा. भोवती उष्णतारोधक पत्रा वगैरे घ्यायची गरज नाही, त्याने लाल रंग झाकला जातो. मे महिन्यात परभणीत बाहेर 43 अंश असताना गर्दीत अडकलेल्या गाडीच्या बॉनेटखाली 70 अंश झाले, तर तीच हवा सुमारे आठ टक्के विरळ होते. तेवढाच बूस्ट, म्हणजे हवेचा वाढीव दाब, गाठायला टर्बोला जास्त राबावं लागतं, दाबलेली हवा आणखी तापते, ती गार करणारा इंटरकूलर थकतो आणि इंजिनात ठोका (नॉकिंग) बसू नये म्हणून इंजिनाचा संगणक, ईसीयू, इग्निशनची ठिणगी उशिरा पाडतो. गाडी मरगळते. जगात जर्मनी, भारतात परभणी हे खरंच. पण जर्मन आराखड्याच्या इंजिनाला परभणीची हवा बॉनेटखाली आणखी भाजून द्यावी, असं त्या म्हणीत कुठे सांगितलेलं नाही. समृद्धीवर 120 ने जाताना आत वारा खेळतो आणि हा फरक बराच कमी होतो. तेव्हा घर ते ऑफिससुद्धा समृद्धीवरूनच जा.

पॉवर वाढते का, असं कुणी विचारलं तर आवाज ऐकवा. ईसीयूला किती बूस्ट हवा ते ठरलेलं असतं. फिल्टर थोडा मोकळा झाला, तर वेस्टगेट, म्हणजे एक्झॉस्टचा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारा झडपेचा दरवाजा, थोडा जास्त उघडतो आणि बूस्ट तिथेच राहतो. खात्री करायची तर पारदर्शक नळी यू आकारात वाकवून निम्मी पाण्याने भरतात, एक तोंड फिल्टर आणि टर्बोमधल्या पाइपला जोडतात, दुसरं मोकळं ठेवतात आणि पूर्ण थ्रॉटलला दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक मोजतात. 10 सेंटिमीटर म्हणजे साधारण 1 किलोपास्कल. संभाजीनगरच्या उंचीवर हवेचाच दाब 95 च्या आसपास असतो, म्हणजे सगळा अडथळा नाहीसा केला तरी हाती लागणार एक टक्का. पन्नास रुपयांच्या नळीने एवढा महाग आनंद घालवणं बरं नव्हे.

आता पाइप. जाडच घ्या. आत जाणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर मूळ पाइपच्या व्यासासाठी जुळवलेला असतो. 70 मिलिमीटरच्या जागी 76 चा पाइप आला की क्षेत्रफळ 18 टक्क्यांनी वाढतं, तेवढ्याच हवेचा वेग 15 टक्क्यांनी घटतो आणि सेन्सर हवा कमी सांगतो. ईसीयू पेट्रोल कमी सोडतो, मग चुकलंय हे कळून हळूहळू भर टाकत बसतो आणि शेवटी पी0171, म्हणजे ‘मिश्रणात पेट्रोल कमी’, या कोडसकट पिवळा दिवा लावतो. ज्यांच्या गाडीत एमएएफ नाही, नुसता हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे, ते बिचारे या सुखाला मुकतात.

शंकू सुती असेल तर त्याला तेल लावताना हात आखडू नका. प्रत्येक घडीवर एक बारीक रेघ, वीस मिनिटं थांबणं, पांढरं राहिलेल्या जागीच पुन्हा थेंबभर, हे कंजुषांचे धंदे. बाटली रिकामी करा. जास्तीचं तेल हवेबरोबर जाऊन सेन्सरच्या तारेवर बसेल. ती तार एमएएफच्या खास स्प्रेने न धुता कार्ब क्लीनर आणि कानात घालायच्या काडीने घासा. नवा सेन्सर चकचकीत दिसतो.

सगळ्यात महत्त्वाची धूळ. एक लिटरचं टर्बो इंजिन जोरात फिरताना मिनिटाला अंदाजे पाच हजार लिटर हवा ओढतं. त्या हवेत काळ्या रानातली माती, खडी क्रशरची भुकटी, जिनिंगजवळचा कापसाचा तंतू आणि हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे उडणारं पाचट, हे सगळं असतं. लहान टर्बोचं कॉम्प्रेसर चाक मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात जातं आणि त्याच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या कडा पातळ असतात. गाळलेली नसेल तर हीच धूळ त्या कडा तासते, मग सिलिंडर आणि रिंगा घासते आणि उरलेली तेलात उतरते. फिल्टरकडून टर्बोकडे जाणाऱ्या पाइपमध्ये पांढरं फडकं फिरवलं तर लगेच कळतं. म्हणून पांढरं फडकं गाडीत ठेवूच नका.

इंजिनातून येणारी ब्रीदर नळी जोडायला नव्या पाइपला जागा नसते. तिच्यात बोल्ट ठोकून द्या. क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, कोंडलेली हवा ऑइल सीलमधून आपली वाट काढेल. क्लॅम्प अंदाजाने आवळा. पावसाळ्यासाठी शंकू बंपरमागे खाली उतरवलेला उत्तम. पुलावर पाणी आलं की सिलिंडरमध्ये जाईल, पाणी दाबलं जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकेल, आणि विम्याचा सर्व्हेअर फोटो काढायला येईल तेव्हा लाल शंकू त्यालाही आवडेल.

जुना डबा माळ्यावर ठेवलात तर वॉरंटीसाठी जाण्याआधी तो पुन्हा बसवण्याचा मोह होईल, भंगारवाल्याला द्या. सर्व्हिस सेंटरचा माणूस इन्टरकूलरच्या पाइपमध्ये बोट घालेल, मातकट बोट तुमच्यासमोर धरेल आणि काही बोलणार नाही. तुम्ही म्हणायचं, “दादा, पंपावरचं पेट्रोलच भेसळीचं होतं.”