डिसेंबरात क्राकूफला जाताय? आधी उजेड मोजा

गेल्या महिन्याभरात माहेर-सासरच्या मिळून चार घरांतून एकच फोन आला. "डिसेंबरच्या सुट्टीत युरोप करायचाय. दहा दिवसांत सहा देश दाखवतात. जाऊ का?" चारही वेळा मी नको म्हटलं. का नको ते फोनवर नीट सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

काही वर्षांपूर्वी आम्ही तशाच टूरला गेलो होतो. बस प्रागला पोचली तेव्हा संध्याकाळचे साडेचार वाजले होते आणि अंधारून आलं होतं. चार्ल्स ब्रिजवर गाईड छत्री उंच धरून पुढे, आम्ही चाळीसेक माणसं तिच्या मागे. पुलावरचे पुतळे म्हणजे नुसत्या सावल्या. दीड तासानं परत बसमध्ये. घरी आल्यावर आईनं विचारलं, "प्राग कसं होतं गं?" आणि मला तिला एक धड गल्लीसुद्धा सांगता येईना. त्याची रुखरुख अजून आहे.

म्हणून पुढच्या वेळी एकच शहर धरलं. पोलंडमधलं क्राकूफ, डिसेंबरचा पहिला आठवडा, पाच रात्री. बरोबर नवरा आणि माझे वडील, आप्पा.

क्राकूफच का? आम्ही कोल्हापूरचे. लग्नाचा बस्ता बांधायला ज्या गांधीनगरला आपण जातो, तिथेच दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याची छावणी होती. 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं तिथे राहिली. बहुतेक बायका आणि मुलं. रशियानं त्यांना घरातून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं, तिथून सुटून ती आपल्याकडे पोचली. आज्जी त्यांना 'पोलंडवाले' म्हणायची. महावीर उद्यानातला त्यांचा स्मृतिस्तंभ आप्पांनी मला लहानपणी दाखवला होता. ही माणसं ज्या देशातून आली तो एकदा बघायचा, हे आप्पांच्या मनात कधीपासून होतं.

आता मुद्द्यावर येते. डिसेंबरच्या सुरुवातीला क्राकूफात साडेसातच्या सुमाराला उजाडतं आणि पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. म्हणजे दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा. आपण मात्र घरी बसून आखणी करतो ती आपल्याकडच्या दिवसाच्या हिशेबानं. थंडीचे कपडे सगळे नेतात, पण हा उजेडाचा हिशेब कुणी करत नाही. मी वहीत दोनच रकाने केले: उजेडात बघायचं ते आणि अंधारातही चालेल ते. सगळी सहल या दोन रकान्यांवर बेतली.

उजेडातलं पहिलं म्हणजे मुख्य चौक, रिनेक. 1257 मध्ये आखलेला, एकेक बाजू साधारण दोनशे मीटरची. मधोमध कापडबाजाराची लांबलचक इमारत, कोपऱ्यात सेंट मेरी चर्च. त्याच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते, चारही दिशांना एकेकदा, आणि सूर मध्येच तुटतो. तार्तरांचा, म्हणजे मंगोल घोडेस्वारांचा, हल्ला आला तेव्हा इशारा देणाऱ्या पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला, अशी दंतकथा आहे. पहिल्या दिवशी दुपारी बाराला आम्ही खाली उभे होतो. आप्पांच्या हातात कागदात गुंडाळलेला ओब्वाझानेक, म्हणजे इथल्या हातगाडीवर मिळणारा पिळाचा गोल पाव, वर खसखस. सूर तुटला तसा त्यांचा घास हातातच राहिला. "का गं, थांबला का तो?" मग वरच्या छोट्या खिडकीतून वाजवणाऱ्यानं हात हलवला. आप्पांनी कानटोपी काढून त्याला हलवून दाखवली. त्यानंतर ते रोज बाराला तिथे हजर. बसच्या टूरमध्ये हे कधी झालं असतं?

डिसेंबरचा पहिला गुरुवार मी मुद्दाम साधला होता. त्या दिवशी चौकात मित्सकिएविच या कवीच्या पुतळ्याच्या पायऱ्यांवर 'शोप्का' मांडतात. येशूजन्माचा देखावा, पण गोठ्याच्या जागी क्राकूफचेच मनोरे आणि घुमट, सगळं रंगीत चकचकीत चांदीच्या कागदानं मढवलेलं. काही माणसाहून उंच, काही तळहातावर मावतील एवढे. थंडीत बांधकामं बंद पडायची, हाताला काम नसायचं, तेव्हा शहरातल्या गवंड्यांनी 19व्या शतकात ही कला वाढवली. स्पर्धा 1937 पासूनची आणि 2018 मध्ये युनेस्कोनं या परंपरेची नोंद घेतली. आपली पोरं दिवाळीत किल्ला करतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बुरूज दाखवतात, अगदी तसंच एक म्हातारे गृहस्थ आपला शोप्का आप्पांना दाखवत होते. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती.

अंधाराच्या रकान्यात व्येलिच्काची मिठाची खाण. जमिनीखाली उजेडाचा प्रश्नच नाही, म्हणून दुपारी तीनची वेळ घेतली आणि सकाळ वाचवली. सुरुवातीलाच लाकडी जिन्याच्या 380 पायऱ्या उतराव्या लागतात. आप्पांच्या गुडघ्यांची काळजी होती, पण सावकाश उतरले, आणि वर यायला लिफ्ट आहे. बाहेर शून्याखाली, आत बारमाही 17-18 अंश, त्यामुळे खाली गेल्यावर सगळ्यांनी स्वेटर काढले. शंभर मीटर खाली सेंट किंगाचं चर्च आहे. पायाखालची फरशी, भिंतीवरची चित्रं, झुंबरांचे लोलक, सगळं मिठाचं. खाणकामगारांनी स्वतः कोरलेलं. गाईडनं सांगितल्यावर आप्पांनी भिंतीला बोट लावून चाटून पाहिलं आणि मान डोलावली.

एका गोष्टीवर मात्र मी हट्टानं बोलणार. 'सकाळी ऑश्वित्झ, दुपारी मिठाची खाण' अशी एका दिवसाची जोडसहल सर्रास विकली जाते. कृपा करून ती घेऊ नका. ऑश्वित्झ ही दुसऱ्या महायुद्धातली नाझींची मृत्युछावणी, क्राकूफहून साधारण 70 किलोमीटरवर. तिथे सुमारे 11 लाख माणसं मारली गेली, त्यातले बहुतांश ज्यू. पोलिशही हजारोंनी. तिथे गेलात तर त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. डिसेंबरात प्रवेश दुपारीच बंद होतो, पास नावानिशी असतो आणि आधी ऑनलाइन घ्यावा लागतो. काचेमागे बुटांचा ढीग आहे. त्यात एक लहान मुलाचा, टाचेकडे झिजलेला. तिथून निघून तासाभरात झुंबरांचे फोटो काढणं मला तरी जमलं नसतं. आम्ही परतीला कुणी बोललो नाही. संध्याकाळी खोलीवर चहा केला आणि लवकर झोपलो.

खाण्याचं. शाकाहारी माणसांचे हाल होतात हे खरं नाही. 'बार म्लेच्नी' म्हणजे शब्दशः 'दुधाचा बार', एक साधी खानावळ, तिथे बटाटा आणि पनीरसारख्या चीजचे पिएरोगी मिळतात, आपल्या उकडलेल्या करंजीसारखे. फक्त वरून डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालतात, म्हणून 'बेझ स्क्फारेक' एवढं पाठ करून जा. बाजारात मेंढीच्या दुधाचं धुरी दिलेलं चीज भाजून वर क्रॅनबेरीचा मुरांबा घालून देतात, ते चुकवू नका.

ज्यांना दमा आहे त्यांच्यासाठी सांगते, थंडीत इथली हवा खराब होते. शहरात 2019 पासून कोळसा आणि लाकूड जाळायला बंदी आहे, तरी आजूबाजूचा धूर दरीत साठतो. आप्पांसाठी मास्क नेला होता, दोन दिवस लागला. 24 तारखेच्या आसपास जाणार असाल तर 24, 25, 26 दुकानं बंद धरा. चलन झ्लॉटी आहे, युरो चालतील या भरवशावर राहू नका. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, विमा किमान 30,000 युरोचा लागतो. दिवाळी झाल्यावर बघू म्हणणाऱ्यांना अपॉइंटमेंट मिळत नाही, हे मी घरातच पाहिलंय.

परत आल्यावर आईनं पुन्हा विचारलं, कसं होतं? मी बोलायच्या आधी आप्पाच सुरू झाले. चौकात कुठून शिरायचं, पाववाली कुठल्या कोपऱ्यात उभी असते, तुतारीवाल्याची खिडकी कुठली. मग म्हणाले, "रविवारी वळिवड्याला जाऊन येऊ." आणि गेलो.