खुलासा: १२५ पट झूम म्हणजे दीडपट स्पष्ट फोटो नव्हे

‘निकॉनच्या पी१००० कॅमेऱ्याचा झूम १२५ पट, पी९५०चा ८३ पट, म्हणून पक्ष्यांचे फोटो पी१०००वर नेहमी जास्त स्पष्ट येतात’, असा मेसेज फिरतोय. त्यातलं ‘नेहमी’ चुकीचं आहे. सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) दोन्हींत १/२.३ इंचीच, १६ मेगापिक्सेलचा. रॉ फाइलही (प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) दोन्हींत मिळते. फरक लेन्सचा. एफचा आकडा लेन्सचं तोंड किती उघडतं ते सांगतो; आकडा मोठा, तितका प्रकाश कमी. पूर्ण झूमवर पी९५० (३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने २००० मिमी) एफ/६.५ला थांबतो, पी१००० (३००० मिमी) एफ/८ला. म्हणजे पी१०००त प्रकाश दोन-तृतीयांशच उरतो, आयएसओ (कमी प्रकाशात फोटो उजळवणारी सेटिंग; वाढली की फोटो दाणेदार होतो) वाढतो आणि पहाटे झाडीत पिसांचे बारकावे पुसले जातात. दुपारी तापलेली हवा थरथरते. जादा झूम ती थरथरच मोठी करतो. पूर्ण चंद्र तर ३००० मिमीवर बहुधा चौकटीत मावतच नाही! वजन पी१०००चं १,४१५, पी९५०चं १,००५ ग्रॅम. हातात धरून पक्षी टिपायचे तर पी९५० घ्या. ट्रायपॉडवरून चंद्राची विवरं हवीत, तर पी१०००.