गुडघा दुखतोय म्हणून डोंगर सोडायची गरज नाही

पाऊस ओसरून डोंगरातल्या शर्यतींच्या सरावाला रंग चढला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश हमखास फिरतो: 'गुडघा म्हणजे गाडीचा टायर, पळवाल तितका झिजेल. चाळिशीनंतर धावू नका, डोंगरात तर नाहीच. दुखायला लागलं की पूर्ण विश्रांती घ्या, निकॅप घाला आणि धावणं कायमचं बंद करा.' काळजीपोटीच कुणी पुढे पाठवत असेल, पण हा सल्ला ऐकून धडधाकट माणसं घरी बसतात, म्हणून उत्तर द्यायला हवं.

आधी टायरचं बघू. टायर स्वतःला सावरू शकत नाही. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, मात्र जिवंत असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि त्यासाठी सांध्यावर दाब येणं, सुटणं गरजेचं असतं. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात हौसेने धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांना खुब्याचा किंवा गुडघ्याचा झिजेचा संधिवात आढळला. न धावणाऱ्या बैठ्या लोकांत तो १०.२ टक्के होता. त्याच आढाव्यात स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांचा आकडा १३.३ टक्के आहे, तोही लपवायचं कारण नाही. शिवाय गुडघा बिघडलेले लोक आधीच धावणं सोडून देतात, त्यामुळे सगळं श्रेय धावण्याला देता येत नाही. पण 'धावाल तर झिजेल' हे सरसकट विधान या आकड्यांपुढे टिकत नाही.

'डोंगरात तर नाहीच' यात थोडं तथ्य आहे, तेही उतारापुरतं. चढावर पाय आपटण्याचा जोर कमी असतो. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात आणि गुडघ्याच्या वाटीमागचा दाब वाढतो. आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड उतरणाऱ्यांकडे नीट बघा. मुरूम सटकेल या भीतीने लोक पाय लांब पुढे टाकतात, गुडघा जवळजवळ ताठ ठेवून टाचेवर आदळतात. त्याऐवजी पावलं आखूड आणि भरभर टाकावीत, पाऊल शरीराच्या खाली पडू द्यावं, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा. सपाटीवरसुद्धा मिनिटाची पावलं ५ ते १० टक्क्यांनी वाढवली की गुडघ्यावरचा भार घटतो. दुखरा गुडघा असेल तर काही आठवडे चढ धावावा आणि उतार चालत, दोन काठ्या टेकत उतरावा. यात कमीपणा कसला?

निकॅपने ऊब मिळते, धीर येतो. ताकद मात्र येत नाही.

पूर्ण विश्रांतीचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. महिनाभर बसून राहिलं की मांडीचे आणि नितंबाचे स्नायू उतरतात, आणि परत पहिल्याच रविवारी लांब पल्ला धावलं की दुखणं दुप्पट जोराने येतं. मग लोक म्हणतात, 'बघ, सांगितलं होतं ना!' भार बंद करायचा नसतो, पेलेल इतका ठेवायचा असतो. दुखण्याला दहापैकी गुण दिले, तर दोन-तीनपर्यंतचं दुखणं, जे धावताना वाढत नाही आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीवर येतं, ते बहुतेकदा चालवून घेता येतं. सकाळी जिना उतरताना कालच्यापेक्षा जास्त दुखलं, तर पुढच्या वेळी अंतर आणि उतार कमी करा. त्याच जिन्यावर व्यायामही होतो: खालच्या पायरीवर एका पायावर उभं राहून, गुडघा आत वळू न देता, दुसरी टाच सावकाश जमिनीला टेकवायची आणि वर यायचं. उतारावर लागणारी ताकद यातून तयार होते. फरक जाणवायला आठवडे लागतात.

खरोखर थांबायची वेळही असते. गुडघा सुजला, अडकला, चालताना दगा देऊ लागला, पाय टेकवत नसेल किंवा गुडघा गरम होऊन ताप आला, तर संदेश वाचत बसू नका आणि व्यायामही करू नका. थेट अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. बाकीच्यांनी धावण्याची सवय असलेला फिजिओथेरपिस्ट शोधावा आणि पहिल्याच भेटीत विचारावं की किती उतार झेपेल.